आधुनिक आशियाई रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताना: बुकिंगपासून बिलापर्यंत

मेन्यू उघडावा तर पहिल्या पानावर पेरू देशातलं तिरादितो (कच्च्या माशाचे पातळ काप), त्याखाली कोरियन गोचुजांगमधलं (मिरचीच्या आंबवलेल्या पेस्टमधलं) मटण, पुढे थाई करी आणि शेवटी युझू या जपानी लिंबाचं सरबत. चांगल्या आधुनिक आशियाई रेस्टॉरंटचा मेन्यू बहुधा असाच असतो आणि पहिल्यांदा जाणारा माणूस तिथेच गोंधळतो. या सरमिसळीमागे इतिहास आहे. १८९९ साली जपानी मजुरांची पहिली मोठी तुकडी पेरूला पोहोचली. त्यांच्या स्वयंपाकातून आणि तिथल्या लिंबू-मिरचीतून जी पद्धत तयार झाली तिला आज निक्केई म्हणतात. नोबू मात्सुहिसा हे जपानी शेफ याच पेरूत काम करून पुढे अमेरिकेत गेले आणि १९८७ मध्ये त्यांनी बेव्हर्ली हिल्समध्ये स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. मिसोत, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या पेस्टमध्ये, मुरवलेला त्यांचा ब्लॅक कॉड मासा आज जगभरच्या मेन्यूंवर दिसतो. २००४ मध्ये न्यूयॉर्कला डेव्हिड चँग यांचा मोमोफुकू नूडल बार सुरू झाला, २०१० मध्ये बँकॉकला गगन आनंद यांचं रेस्टॉरंट. या मंडळींनी एकाच देशाच्या चौकटीत राहायचं नाकारलं आणि त्यानंतर आलेल्या असंख्य शेफनी तीच वाट धरली.

अशा ठिकाणी पदार्थांचा क्रम, तापमान आणि वेळ किचनने आधीच ठरवलेली असते. आपल्या हातात दोन गोष्टी उरतात: आपली माहिती लवकर आणि नेमकी देणं, आणि पदार्थ आला की त्याला थांबवून न ठेवणं. एवढं जमलं तर बाकीचे शिष्टाचार थोडे इकडेतिकडे झाले तरी जेवण उत्तम होतं.

बुकिंग करताना

आधी बसायचं कुठे ते ठरवा. काउंटरवर शेफच्या समोर बसण्यात वेगळीच मजा आहे, पण ती एकट्याला किंवा दोघांना. तिघांत मधल्याची मान सतत फिरत राहते आणि चौघांना एका रांगेत बसून गप्पा मारताच येत नाहीत. चार किंवा जास्त लोक असतील तर सरळ टेबल घ्या.

वेळेचा अंदाजही घ्या. टेस्टिंग मेन्यूला, म्हणजे किचनने ठरवलेल्या अनेक छोट्या पदार्थांच्या जेवणाला, अडीच-तीन तास लागतात. सुशीच्या काउंटरवर अनेकदा सगळ्या पाहुण्यांचं जेवण एकदमच सुरू होतं. तिथे वीस मिनिटं उशिरा पोहोचलात तर तुमचे पहिले पदार्थ हुकतात किंवा बाकीचे लोक ताटकळतात. बुकिंगच्या वेळी कार्डाचा तपशील मागितला तर रद्द करण्याची मुदत किती आणि लोक कमी झाले तर काय, हे दोन्ही वाचून घ्या. कपड्यांबद्दल काही सूचना असेल तर ती बुकिंगच्या पानावरच सापडते. मी आवर्जून सांगेन ते अत्तराबद्दल: काउंटरवर बसणार असाल तर उग्र अत्तर लावू नका. ताज्या माशाचा आणि कोमट भाताचा गंध इतका हलका असतो की शेजारच्याच्या मनगटावरचं अत्तर तो पार झाकून टाकतं.

काय चालत नाही ते आधी कळवा

हा भाग कृपया घाईने वाचू नका. शाकाहारी माणसाला या जेवणात सर्वात जास्त अडचण येते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींची.

जपानी पदार्थांचा पाया म्हणजे दाशी हा स्टॉक. तो बहुतेक वेळा कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरावलेला बोनिटो मासा, यांपासून करतात. त्यामुळे मिसो सूप, वांग्याच्या फोडींवरचा रस, टेम्पुराबरोबरचं (पातळ पिठात बुडवून तळलेल्या पदार्थांबरोबरचं) डिपिंग सॉस या सगळ्यांत मासा असू शकतो आणि मेन्यूवर त्याचा उल्लेखही नसतो. थाई आणि व्हिएतनामी पदार्थांत मिठाचं काम फिश सॉस करतं, कच्च्या पपईच्या सॅलडमध्येसुद्धा. थाई करी पेस्टमध्ये बहुधा आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट असते, मग करीत घातलेल्या भाज्या कितीही हिरव्यागार दिसोत. परतलेल्या चिनी पालेभाज्यांवर बहुधा ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, असतो. किमचीत, म्हणजे कोबीच्या आंबवलेल्या कोरियन लोणच्यात, बहुधा खारवलेले मासे किंवा कोळंबी असते. एक्सओ सॉसमध्ये सुकवलेले शिंपले आणि हॅम असतं. मापो टोफू हे नाव ऐकून लोक निर्धास्त मागवतात, पण मूळ पाककृतीत खिमा आहे. मेन्यूवर ‘वांगं’ किंवा ‘मशरूम’ लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ तो पदार्थ त्या भाजीभोवती रचलेला आहे एवढाच. पूर्ण शाकाहारी आहे की नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून बुकिंगच्या टिपणात नुसतं ‘शाकाहारी’ लिहून थांबू नका. असं लिहा: ‘चौघांपैकी दोघे पूर्ण शाकाहारी. मासे, माशाचा किंवा मांसाचा स्टॉक, फिश सॉस, ऑयस्टर सॉस, कोळंबीची पेस्ट यांतलं काही चालणार नाही. अंडं आणि दूध चालेल. एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, अगदी थोड्या प्रमाणानेही त्रास होतो.’ हे निदान दोन दिवस आधी पोहोचलं पाहिजे. स्टॉक आणि करी पेस्ट आदल्या दिवशीच तयार होतात. टेबलावर बसल्यावर सांगितलंत तर सर्व्हर कितीही तत्पर असला तरी किचनला पदार्थातून काहीतरी वगळण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही आणि तुमच्या वाट्याला अर्धवट चवीचं ताट येतं.

वेळ मिळाला तर चांगलं किचन किती सुंदर पर्याय देतं, ते सांगण्यासारखं आहे. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोम्बूच्या स्टॉकमधून ग्लुटामेट हे चव देणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. बोनिटोत इनोसिनेट नावाचं दुसरं द्रव्य असतं आणि ही दोन एकत्र आली की चव कैक पटींनी वाढते. सुकवलेल्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट असतं आणि त्याचीही ग्लुटामेटशी तशीच जोडी जमते. म्हणजे कोम्बू आणि शिताकेची दाशी ही काही नाइलाजाची तडजोड नव्हे, तिच्यामागे पक्कं शास्त्र आहे. बौद्ध मठांतला जपानी स्वयंपाक, शोजिन र्‍योरी, शतकानुशतकं अशाच स्टॉकवर चालत आला आहे. त्यात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी या पद्धतीचं नाव घेऊन विचारलं तर शेफला नेमकं काय हवंय ते लगेच उमगतं.

आणखी काही गोष्टी पटकन सांगतो. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. ग्लूटेन चालत नसेल तर बिनगव्हाच्या तामारीबद्दल विचारा. मिरिन आणि साके ही तांदळापासूनची जपानी मद्यं अनेक सॉसमध्ये पडतात, मद्य अजिबात वर्ज्य असेल तर तेही लिहा. टेम्पुरा शाकाहारी असला तरी कोळंबी तळलेल्याच तेलात तळला जातो का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. गरोदर स्त्रियांनी कच्चा मासा टाळावा असंच डॉक्टर सांगतात. अमेरिकेतल्या अन्नसुरक्षेच्या मार्गदर्शनानुसार कच्चा खायचा मासा आधी उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस गोठवतात. त्याने परजीवी मरतात, जिवाणू मात्र मरतीलच असं नाही.

आणि एक कळकळीची विनंती. आवडत नाही त्या पदार्थाला ॲलर्जी म्हणू नका. ॲलर्जी म्हटलं की किचनमध्ये पाट, सुरी, कढई सगळं बदललं जातं, एक माणूस त्याच कामाला लागतो. ‘कोथिंबीर आवडत नाही, काढता येईल का?’ एवढं म्हटलं तरी ऐकतात.

ऑर्डर

टेस्टिंग मेन्यू घ्यावा की सुटे पदार्थ? दोघे असाल, हाताशी वेळ असेल आणि खाण्याची पथ्यं कमी असतील तर टेस्टिंग मेन्यू. ओमाकासे, म्हणजे सगळी निवड शेफवर सोपवणं, ही त्याचीच पुढची पायरी. तिथे दोनच गोष्टी सांगायच्या असतात: काय चालत नाही आणि भूक किती आहे. चौघांत खाण्याच्या सवयी वेगवेगळ्या असतील तर सुटे पदार्थ वाटून खाणंच बरं. बऱ्याच ठिकाणी टेस्टिंग मेन्यू पूर्ण टेबलाने घ्यावा लागतो, हेही लक्षात ठेवा.

वाटून खाताना सगळ्यात जास्त गडबड होते ती एकाच धाटणीचे पदार्थ मागवण्यात. नावं वेगळी, देश वेगळे, पण चारही पदार्थ तळलेले आणि वर गोड-तिखट चकचकीत सॉस. तिसऱ्या घासाला जीभ थकते. मी ऑर्डर करताना आधी शिजवण्याच्या पद्धतीकडे बघतो, घटकांकडे नंतर. एक कच्चं किंवा थंड, एक वाफवलेलं, एक तळलेलं, एक निखाऱ्यावरचं, एक रश्शातलं. शिवाय यांतलं एक तरी चांगलं आंबट हवं आणि एक वाटी साधा भात हवाच. तीव्र सॉसांच्या मध्ये तो भात तोंड पुन्हा कोरं करतो. लोक ‘एवढ्या चांगल्या ठिकाणी साधा भात कशाला’ म्हणून तो टाळतात आणि मग करी नुसतीच चमच्याने खावी लागते.

चौघांसाठी दोन थंड, दोन-तीन गरम छोटे पदार्थ, दोन मोठे, एक भाजी आणि भात किंवा नूडल्स इतकं बहुधा पुरतं. एकदम सगळं मागवू नका. पहिल्या फेरीत थंड आणि छोटे पदार्थ सांगा, मोठ्यांचा निर्णय नंतर. मात्र बदक किंवा अख्खा मासा हवा असेल तर तो सुरुवातीलाच सांगून ठेवा, कारण त्याला वेळ लागतो. ‘पदार्थ तयार होतील तसे येतील’ असं सर्व्हर म्हणाला तर स्पष्ट सांगा की दोन-दोन करून आणा. डम्पलिंग तीन किंवा चारच्या संख्येत येतात. माणसं पाच असतील तर एक नग वाढवून मिळेल का ते विचारा, बहुतेक ठिकाणी मिळतो.

‘काय चांगलं आहे?’ या प्रश्नाला सर्व्हरकडे ठरलेलं उत्तर असतं. त्यापेक्षा दोन पदार्थांवर बोट ठेवून ‘यांतला कुठला जास्त आंबट आहे?’ किंवा ‘किचनमधली माणसं स्वतः काय खातात?’ असं विचारा. प्रश्न नेमका असेल तर उत्तरही नेमकं मिळतं आणि त्या माणसालाही बोलायला आवडतं.

वाग्यू (जपानी गोमांस), कॅव्हियार (माशाची अंडी), ट्रफल (सुवासिक भूछत्र) अशी जास्तीची जोड सुचवली जाते. माझं मत साफ आहे: तो पदार्थ मुळातच त्या घटकावर उभा नसेल तर नको म्हणा. जपानी वाग्यूच्या ए-५ प्रतवारीतलं अक्षर हे जनावरामागे किती मांस निघतं त्याचं असतं, दर्जाचा आकडा ५. ते इतकं चरबीदार असतं की चौघांत एक छोटी प्लेटही भरपूर होते.

पेय

तिखटाची आग चवीच्या कळ्यांना नाही, उष्णता ओळखणाऱ्या संवेदकांना लागते. मद्य त्याच संवेदकांना आणखी चेतवतं. म्हणून तिखट करीबरोबर कडक पेय घेतलं की घशात जाळ होतो. किंचित गोड, थंड, कमी मद्याची रीसलिंग ही पांढरी वाइन त्यावर छान बसते. कच्च्या मासळीबरोबर रेड वाइन टाळा. वाइनमधल्या लोहामुळे तोंडात मागाहून हिवसपणा येतो, हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलं आहे.

साके निवडताना बाटलीवर तांदूळ किती घासला ते पाहतात. गिंजो या प्रतीत दाण्याचा जास्तीत जास्त ६० टक्के भाग उरतो, दाईगिंजो या प्रतीत ५० टक्के. दाईगिंजो फळांच्या सुगंधाची असते आणि थंड घेतात. मद्याचं प्रमाण साधारण १५-१६ टक्के, म्हणजे वाइनपेक्षा थोडं जास्तच, तेव्हा छोट्या पेल्याकडे बघून फसू नका. मद्य न घेणाऱ्यांनी चहाची जोडी मिळते का ते विचारावं. भाजलेल्या पदार्थांबरोबर ‘होजिचा’ हा भाजलेल्या पानांचा जपानी चहा आणि वाफवलेल्या डम्पलिंगबरोबर ऊलाँग हा चिनी चहा या दोन जोड्या मला कुठल्याही वाइनइतक्याच आवडतात.

टेबलावर

गरम ओला रुमाल येतो तो हात पुसायला, चेहरा आणि मान पुसायला नव्हे. चॉपस्टिक्समधली खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात स्थिर ठेवायची आणि वरची पेन्सिल धरतो तशी धरून तेवढीच हलवायची. सगळं कौशल्य खालची काडी न हलण्यात आहे. दोन गोष्टी मात्र कधीच करू नका: काड्या भातात उभ्या खोचणं आणि एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास देणं. जपानमध्ये या दोन्हींचा संबंध अंत्यविधीशी आहे. दहनानंतर अस्थी काड्यांनी अशाच एकमेकांकडे देतात.

जपानी जेवणात भाताची आणि सूपची वाटी हातात उचलून घेतात. कोरियन जेवणात वाटी टेबलावरच राहते आणि भात-सूप चमच्याने खातात. थायलंडमध्ये भाताचे पदार्थ चमच्या-काट्याने खातात, काटा घास चमच्यात लोटण्यापुरता. चॉपस्टिक्स मुख्यतः नूडल्सना. त्यामुळे थाई करीबरोबर काटा-चमचा मागण्यात कसलाही कमीपणा नाही. खरं तर कुठल्याच पदार्थाबरोबर नाही.

निगिरी सुशी, म्हणजे भाताच्या छोट्या गोळ्यावर ठेवलेला माशाचा काप, खाताना घाई करायची ती योग्य जागी. शेफ ती समोर ठेवतो तेव्हा भात साधारण अंगाच्या तापमानाचा असतो, मासा त्याहून थंड, आणि भाताचे दाणे इतके सैल दाबलेले की जिभेवर ठेवताच सुटावेत. दोन मिनिटं फोटोत गेली की भात घट्ट होतो आणि तो फरक निघून जातो. हाताने उचला, चालतं. सोया लावायचा तर निगिरी आडवी करून माशाची बाजू हलकेच टेकवा. भाताची बाजू बुडवली तर भात सोया शोषून घेतो आणि वाटीतच विरघळतो. काउंटरवर शेफने सॉसचा हात आधीच फिरवलेला असेल तर पुन्हा सोया लावू नका. मग पूर्ण तुकडा एका घासात. आल्याचं लोणचं दोन तुकड्यांच्या मध्ये, तोंड साफ करायला. माशावर ठेवायला नव्हे.

सूप डम्पलिंगला उलट धीर लागतो. आत मांसाचा थिजलेला स्टॉक असतो आणि वाफेवर तो वितळून कढत रस होतो. वरच्या चुण्यांना धरून डम्पलिंग अलगद उचला, चमच्यात ठेवा, बाजूला छोटं भोक पाडा. वाफ निघू द्या. मग रस प्या आणि त्यानंतर व्हिनेगर-आल्याबरोबर उरलेला घास घ्या. काडीने मधोमध टोचलंत तर सगळा रस टोपलीत जातो.

सेचुआन मिरी आलेली असेल तर ओठांना झिणझिण्या येतील, घाबरू नका. त्यातलं सांशूल नावाचं द्रव्य स्पर्शाच्या चेतातंतूंना चाळवतं. लंडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये मोजलं तेव्हा ती थरथर सेकंदाला सुमारे ५० कंपनांची निघाली. पण त्यानंतर नाजूक चवी काही काळ लागत नाहीत, म्हणून असे पदार्थ कच्च्या मासळीच्या आधी मागवू नयेत.

ताटात दिसतं ते सगळं खायचं नसतं. गवती चहाचे दांडे, गलांगलच्या (आल्यासारख्या मुळाच्या) चकत्या, मकरूट लिंबाची पानं आणि सुक्या अख्ख्या मिरच्या सुवासासाठी असतात. शंका आली तर विचारा.

काही बिघडलं तर

पदार्थ गार असेल, मासा नीट शिजला नसेल, सांगितलेला घटक वगळला नसेल तर दोन घासांतच सांगा. अर्धी प्लेट संपल्यावर किंवा बिल आल्यावर सांगितलं की किचनला दुरुस्तीची संधीच उरत नाही. ‘चव नाही’ एवढ्यावर न थांबता ‘रस्सा खारट आहे’ किंवा ‘आतला भाग गार आहे’ असं सांगा. ॲलर्जीचा घटक लागल्याची शंका आली तर खाणं तिथेच थांबवा आणि व्यवस्थापकाला बोलवा. तिथे भीड अजिबात नको.

बिल आणि उरलेलं अन्न

‘बाजारभावानुसार’ असं लिहिलेल्या पदार्थाची किंमत ऑर्डर देतानाच विचारायची असते. बिलात सर्व्हिस चार्ज आधीच धरला आहे का ते बघा, म्हणजे टिप दुहेरी जाणार नाही. बाटलीबंद पाणी आणि पुन्हा मागवलेला भात वेगळे लागलेले असू शकतात.

उरलेलं बांधून घ्यायचं असेल तर करी, भाजलेलं मांस, परतलेल्या भाज्या घरी नेऊन चालतात. लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करा. भात बाहेर राहिला तर त्यात तयार होणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही, तेव्हा लांबचा प्रवास असेल तर तो सोडून द्या. कच्ची मासळी आणि सुशी बांधून मागू नका. बरीच रेस्टॉरंट ती देतच नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे.